डेटा व्हिज्युअलायझेशनमध्ये करिअर: पहिल्या तक्त्यापासून पहिल्या नोकरीपर्यंत

काही वर्षांपूर्वी मी महाराष्ट्राचा एक नकाशा केला होता. २०११ च्या जनगणनेतलं शून्य ते सहा वयोगटाचं लिंग गुणोत्तर, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे मुली किती, ते जिल्हावार रंगांत दाखवलं होतं. फिकटापासून गडदापर्यंत रंग छान उतरले होते. फक्त मराठवाड्यात एक जिल्हा करडा राहिला होता, ‘माहिती उपलब्ध नाही’ या रंगाचा. मी घाईत होते. नकाशा तसाच पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरबाईंचा फोन आला, “अहो, आमचा बीड कुठंय?”

जनगणनेच्या तक्त्यात बीडचं इंग्रजी स्पेलिंग ‘बी-आय-डी’ असं तीन अक्षरी होतं. नकाशाच्या फाईलमध्ये ‘बी-डबल ई-डी’. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे जिल्हे, म्हणून आकडा नकाशाला जोडलाच गेला नाही. बीडचा आकडा होता ८०७, राज्यात सगळ्यात कमी. ज्या जिल्ह्यासाठी हा नकाशा करायचा, नेमका तोच गळला होता.

डेटा व्हिज्युअलायझेशन म्हणजे आकडे आलेखांत आणि नकाशांत मांडण्याचं काम. या क्षेत्रात यायचं म्हणणारी मुलं-मुली मला बहुतेक वेळा विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर शिकू? सॉफ्टवेअर लागतंच, त्याबद्दल पुढे सांगते. पण तो नकाशा माझ्या सॉफ्टवेअरने बिनचूक काढला होता. चूक आकड्यांकडे बघण्यात होती. या कामाचे पैसे मिळतात ते आकड्याची जबाबदारी घेण्याचे, हे आधी मनात पक्कं करा, म्हणजे पुढचा अभ्यास कुठल्या क्रमाने करायचा ते आपोआप ठरतं.

काम कुठे असतं आणि कोणत्या नावाने

‘डेटा व्हिज्युअलायझर’ या नावाची जाहिरात क्वचितच दिसेल. तेच काम वेगवेगळ्या पाट्यांखाली चालतं. कंपन्यांमध्ये बिझनेस इंटेलिजन्स ॲनालिस्ट, डेटा ॲनालिस्ट, पॉवर बीआय डेव्हलपर. त्याच्या खालची, आणि आपल्याकडच्या बहुतेकांसाठी खरी पहिली पायरी म्हणजे एमआयएस एक्झिक्युटिव्ह. रोजचा विक्रीचा, साठ्याचा, हजेरीचा रिपोर्ट काढणारा माणूस. या पदाला लोक नाक मुरडतात, पगारही बेताचा असतो. पण कच्चा डेटा किती घाणेरडा असतो आणि साहेब रिपोर्ट उघडल्यावर पहिल्यांदा काय बघतात, हे तिथे जितकं कळतं तितकं कुठल्याच कोर्समध्ये कळत नाही. मी या पायरीची मनापासून शिफारस करते, फक्त तिथे दोन वर्षांपेक्षा जास्त अडकू नका.

दुसरा रस्ता वृत्तपत्रं आणि न्यूज पोर्टलचा: निवडणुका, पाऊस, अर्थसंकल्प यांचे आलेख आणि नकाशे. तिसरा डिझाइनचा, म्हणजे अहवाल, माहितीफलक, संग्रहालयातली मांडणी. चौथा संशोधन आणि सामाजिक संस्थांचा, जिथे आरोग्य, पाणी, शिक्षण यांच्या सर्वेक्षणांचे निकाल लोकांना समजतील असे मांडायचे असतात. पाचवा नकाशांचा, ज्याला जीआयएस म्हणतात. आणि ज्यांना प्रोग्रॅमिंगची आवड आहे त्यांच्यासाठी ब्राउझरमध्ये हलते-बोलते आलेख बनवण्याचा. माणसं एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जात असतात. पण सुरुवातीला एक निवडा.

पायरी पहिली: तीस जाहिराती

निवडायचं कसं? नोकरीच्या संकेतस्थळांवर तुम्हाला जिथे काम करायचं आहे त्या शहराच्या तीस जाहिराती शोधा आणि एक्सेलमध्ये एका ओळीत एक अशा भरा. रकाने असे: पदाचं नाव, उद्योग, मागितलेला अनुभव, शिक्षण, आणि प्रत्येक कौशल्यासाठी वेगळा रकाना. एक्सेल मागितलंय तर १, नाही तर ०. एसक्यूएल, पॉवर बीआय, टॅब्लो, पायथन, क्यूजीआयएस, सगळ्यांचं तसंच (ही टूल्स कशाची ते चौथ्या पायरीत सांगते). मग प्रत्येक रकान्याची बेरीज करा आणि मोठ्यापासून लहानापर्यंत आडवा स्तंभालेख काढा.

हा तुमचा पहिला प्रकल्प. भरताना अडचणी येतील. एका जाहिरातीत ‘एमएस एक्सेल’, दुसरीत ‘ॲडव्हान्स एक्सेल’. एक मानायचं की दोन? एकच जाहिरात दोन एजन्सींनी टाकली असेल तर एकदा मोजायची की दोनदा? या प्रश्नांना पुस्तकी उत्तर नाही. तुम्ही ठरवायचं, आणि काय ठरवलं ते आलेखाखाली एका ओळीत लिहायचं. डेटा साफ करणं म्हणतात ते हेच. ‘सध्या कशाला डिमांड आहे’ हे कुणा कोर्सवाल्याला विचारायचीही मग गरज राहत नाही.

पायरी दुसरी: तुम्हाला आधीच कळतं तिथून आत शिरा

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. नुसता तक्ता हाती आलेला, पण या मुलखाची माहिती नसलेला हुशार विश्लेषक नकाशा रंगवेल आणि वर मथळा देईल: ‘मुलींच्या बाबतीत रत्नागिरी पुढे, मुंबई मागे’. कोकणातला कुणीही हा मथळा वाचून मान हलवेल. गावातले कर्ते पुरुष चाकरीला मुंबईला गेले, म्हणून गावात बायका जास्त आणि मुंबईत पुरुष जास्त. हे स्थलांतराचं चित्र आहे, मुलींना मिळणाऱ्या वागणुकीचं नाही. मुली जन्मू दिल्या जातात का हा प्रश्न असेल तर शून्य ते सहा वयोगटाचा आकडा घ्यावा लागतो, कारण चार वर्षांचं मूल चाकरीसाठी गाव सोडत नाही. त्या आकड्यात या दोन जिल्ह्यांमधलं अंतर बरंच कमी होतं.

म्हणून मी सांगते, बी.कॉम. झालं असेल तर उधारी, जीएसटी, बॅलन्स शीट यांच्या आलेखांपासून सुरुवात करा. कृषी पदवीधर असाल तर बाजारसमित्यांच्या आवक-भावांपासून. नर्सिंग किंवा फार्मसीतून येत असाल तर आरोग्य सर्वेक्षणांपासून. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत शिकता येतं. कांद्याचा भाव लासलगावात पडला की शेतकरी माल कांदाचाळीत का ठेवतो, हे समजायला वर्षं लागतात, आणि तुमच्यापैकी कित्येकांना ते फुकटात आलेलं आहे.

पायरी तिसरी: आकड्यांची शिस्त

संख्याशास्त्राची पदवी नसली तरी चालेल, पण पुढच्या गोष्टी हातात बसलेल्या हव्यात.

सरासरी काय लपवते ते ओळखा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. शहर एकच. दोन्हींची सरासरी काढली तर ५०९ च्या आसपास येते, आणि तेवढा पाऊस या दोन्हींपैकी कुठेच पडला नाही. सरासरी काढायच्या आधी सगळे आकडे एका रेषेवर ठिपके मांडून बघायची सवय लावा. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमात बरोबर मधला आकडा, कधी वापरायचा ते शिका. पगार, जमीन, घरांच्या किमती या बाबतीत सरासरीपेक्षा तोच प्रामाणिक असतो.

टक्के आणि टक्केबिंदू यांत गल्लत करू नका. प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० वर गेलं तर ती १० टक्केबिंदूंची वाढ आणि २५ टक्के वाढ. दोन्ही वाक्यं खरी आहेत, म्हणूनच कोणतं वापरलं ते सांगणं आवश्यक.

कशाच्या मानाने, हा प्रश्न प्रत्येक आकड्याला विचारा. बहुतेक रोगांच्या रुग्णांचा जिल्हावार नकाशा काढलात की ठाणे आणि पुणे गडद दिसणार, कारण तिथे माणसंच जास्त आहेत. दर लाख लोकसंख्येमागे किती, असं काढा. नकाशात दुसराही धोका असतो. गडचिरोलीचं क्षेत्रफळ मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांच्या मिळून सुमारे २४ पट आहे, आणि २०११ ची लोकसंख्या मात्र मुंबईच्या साडेअकराव्या हिश्शाइतकी. नकाशात डोळा गडचिरोलीवर जातो, मुंबई ठिपक्याएवढी उरते. जिथे माणसांबद्दल बोलायचं आहे तिथे नकाशाऐवजी साधी क्रमवार यादी कितीतरी वेळा जास्त खरं सांगते.

आणि माझ्या बीडच्या धड्यातून आलेला नियम: दोन तक्ते जोडायच्या आधी दोन्हींतल्या ओळी मोजा, जोडल्यावर पुन्हा मोजा, आणि न जुळलेल्या ओळींची वेगळी यादी काढून ती वाचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत. आजच्या नकाशात ३६, कारण १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. पुढे औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. त्यात बुलढाणा, गोंदिया, रायगड यांची इंग्रजी स्पेलिंगं दर तक्त्यात वेगळी. नावांवर न जोडता जिल्ह्याच्या सरकारी कोडवर जोडा. आणि पालघरची २०११ ची तुलना करायची असेल तर वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांची बेरीज स्वतः करून घ्या.

पायरी चौथी: टूल्स, या क्रमाने

एक्सेल आधी. लोकांना वाटतं ते येतं. पिव्होट टेबल (तक्त्याचा गोषवारा काढणं), एक्स-लुकअप (दुसऱ्या तक्त्यातून जुळणारा आकडा आणणं) आणि पॉवर क्वेरी (डेटा आणून साफ करणं) हे तीन भाग न अडखळता करता येईपर्यंत पुढे जाऊ नका. रोज तास-दीड तास दिला तर दीड-दोन महिने लागतील.

नंतर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. कंपनीचा डेटा डेटाबेसमध्ये असतो, आणि तो स्वतः काढता आला नाही तर कायम दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. सिलेक्ट, ग्रुप बाय, जॉइन आणि विंडो फंक्शन एवढं नीट आलं की बहुतेक मुलाखतींना पुरतं.

मग एक डॅशबोर्ड टूल, म्हणजे अनेक आकडे आणि आलेख एकाच पडद्यावर दाखवणारं. पॉवर बीआयची डेस्कटॉप आवृत्ती फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालते. टॅब्लो पब्लिकही फुकट आहे, मात्र तिथे प्रकाशित केलेलं काम जगजाहीर होतं. कंपनीचा किंवा कुणाच्या खासगी माहितीचा एकही तक्ता तिथे चढवू नका, सरावासाठीसुद्धा नाही. दोन्ही शिकायची गरज नाही. तुमच्या तीस जाहिरातींत ज्याची बेरीज जास्त ते घ्या.

बाकीचं रस्त्यानुसार. पत्रकारितेसाठी डेटारॅपर आणि फ्लरिश ही ब्राउझरमध्ये आलेख बनवायची टूल्स. नकाशांसाठी क्यूजीआयएस, जे पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे. संशोधनासाठी आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा आणि त्यातलं आलेख काढणारं जीजीप्लॉट-२, किंवा पायथन ही दुसरी भाषा. वेबवरच्या खास आलेखांसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा आणि तिच्यातलं डी-थ्री, पण त्यात आधी एचटीएमएल (वेबपानाची भाषा) आणि एसव्हीजी (वेबवरच्या रेखाचित्रांचं स्वरूप) यांचा पाया हवा. तो नसेल तर दोन आठवड्यांत हिरमोड होतो.

एआयला सांगितलं की आता आलेख सेकंदात मिळतो. वापरा, मीही वापरते. पण तो आलेख ३४ जिल्ह्यांचा आहे की ३५, हे बघणारा माणूस लागतोच, आणि त्या माणसाची किंमत वाढते आहे असं माझं मत आहे.

पायरी पाचवी: आलेख निवडणं, एका उदाहरणातून

शाळेत आपण स्तंभालेख, जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख, वृत्तालेख, सगळे काढले आहेत. पण कोणता कधी, हे तिथे फारसं शिकवलं जात नाही. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोग करून तपासलं, की माणसाचा डोळा कोणती तुलना अचूक करतो. एकाच मोजपट्टीवरचं स्थान सगळ्यात अचूक वाचता येतं, मग लांबी, त्यानंतर कोन, मग क्षेत्रफळ. रंगाच्या छटा शेवटी. म्हणूनच सहा तुकड्यांचा वृत्तालेख वाचताना डोळे बारीक करावे लागतात, आणि तेच सहा आकडे आडव्या स्तंभांत एका नजरेत कळतात.

आता पुन्हा बीडकडे. २००१ आणि २०११ या दोन जनगणनांमधलं शून्य ते सहा वयोगटाचं गुणोत्तर असं: राज्य ९१३ वरून ८९४, बीड ८९४ वरून ८०७, कोल्हापूर ८३९ वरून ८६३. हे कसं दाखवाल?

पहिला विचार स्तंभालेखाचा येतो. स्तंभ शून्यापासून सुरू केले तर ८०७ आणि ८९४ जवळजवळ सारखेच दिसतात, वाचणारा म्हणेल, यात काय विशेष? मग मोह होतो य-अक्ष ८०० पासून सुरू करायचा. तसं केलं की २०११ च्या बीडचा स्तंभ ७ एवढा आणि राज्याचा ९४ एवढा उरतो, म्हणजे तेरापट फरक दिसतो. हे उघड खोटं आहे. स्तंभाची लांबी हाच त्याचा अर्थ असतो, ती मधून कापायची नाही. माझ्यापुरता हा नियम अपवाद नसलेला आहे.

उपाय असा, की लांबी सोडा आणि स्थान वापरा. डावीकडे २००१ ची उभी रेघ, उजवीकडे २०११ ची. प्रत्येक जिल्ह्याचे दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी तिरकी रेषा. इथे अक्ष ७८० पासून सुरू केला तरी फसवणूक होत नाही, कारण डोळा उंची मोजत नाही, उतार बघतो. पस्तीसही रेषा फिकट करड्या ठेवा. फक्त तीन ठळक करा: राज्याची काळी, बीडची लाल, कोल्हापूरची निळी. बाजूला रंगसूची न देता नावं रेषेच्या टोकाशीच लिहा, म्हणजे वाचणाऱ्याची नजर फेऱ्या मारत नाही. लाल-हिरवी जोडी टाळा. बऱ्याच पुरुषांना या दोन रंगांतला फरक दिसत नाही. कलरब्रुअर या मोफत साधनात अशांनाही वाचता येतील अशा रंगमाळा निवडता येतात.

मथळ्यात ‘जिल्हानिहाय बाल लिंग गुणोत्तर २००१-२०११’ असं लिहू नका, ते उपशीर्षकात जाऊ दे. मथळा म्हणजे निष्कर्ष: ‘दहा वर्षांत बीड ८७ ने घसरलं, कोल्हापूर २४ ने सावरलं’. आणि इथेच थांबा. कोल्हापूर का सावरलं हे या आलेखात नाही. कारण लिहायचं असेल तर त्याचा वेगळा पुरावा हवा.

हे सगळं संगणक उघडण्याआधी कागदावर पेन्सिलीने काढा. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस आणि अटलांटा विद्यापीठातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जीवनावर सुमारे ६० तक्ते हाताने रंगवले होते. एकसुद्धा टूल नव्हतं, आणि ते तक्ते आजही आम्ही शिकायला म्हणून उघडून बसतो. एक तक्ता तर पट्टी कागदात मावेना म्हणून ती गोल गुंडाळत नेलेला आहे. कागदावर असं काहीतरी सुचतं. टूलच्या मेनूत जे आहे त्यापलीकडचं एरवी सुचत नाही.

पायरी सहावी: मराठी अक्षरं आणि लाख-कोटी

हा भाग इंग्रजी कोर्सांत सापडणार नाही, आणि मराठी वाचकांसाठी काम करायचं तर टाळता येणार नाही.

बरीच टूल्स आकड्यांचे गट तीन-तीन अंकांचे करतात आणि मोठे आकडे ‘मिलियन’मध्ये दाखवतात. आपला वाचक ११.२ कोटी वाचतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत निवडला की एक्सेल स्वल्पविराम लाख-कोटीप्रमाणे देतं. डॅशबोर्डमध्ये मात्र वेगळा रकाना करून एक कोटीने भागणं आणि नावात ‘कोटी’ लिहिणं सगळ्यात सोपं.

देवनागरीचा त्रास वेगळाच. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या साधनाने वर्षानुवर्षं जोडाक्षरं मोडली आहेत: ‘जिल्हा’ लिहिलं की पहिली वेलांटी ज च्या उजवीकडे पडते आणि ल्ह सुटा होतो. असा आलेख छापून गेला तर आतला आकडा कितीही खरा असो, वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. उपाय म्हणजे आलेख एसव्हीजी स्वरूपात, अक्षरं अक्षर म्हणूनच ठेवून काढायचा आणि ब्राउझरमध्ये उघडायचा, ब्राउझर देवनागरी नीट जुळवतो. किंवा सरळ ब्राउझरवर चालणारं टूल घ्यायचं. फॉन्टसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता वापरा, दोन्ही मोफत आहेत. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा असतो, हेही बघून घ्या. अक्षांवरच्या ओळी मराठीत लांब होतात, म्हणून उभे स्तंभ टाळून आडवे घ्या. मान वाकडी करून वाचायची तिरकी नावं कुणालाच नकोत.

पायरी सातवी: तीन कामांचा पोर्टफोलिओ

बारा नको, तीन पुरे. पण तिन्ही पूर्ण असावीत, म्हणजे प्रश्न, डेटा कुठून आणला, साफ करताना काय ठरवलं, कागदावरचे कच्चे आराखडे, शेवटचा आलेख, आणि ‘यातून काय सांगता येत नाही’ हा परिच्छेद. हा शेवटचा परिच्छेद फार थोडे लोक लिहितात. मुलाखत घेताना मी आधी तोच शोधते.

सगळ्यांकडे असतो तो डेटा घेऊ नका. टायटॅनिकचे प्रवासी आणि परदेशी सुपरस्टोअरची विक्री प्रत्येक उमेदवाराकडे असते. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ उघडा, तुमच्या जिल्ह्याचे तालुकावार आकडे तिथे मराठीत आहेत. अर्थसंकल्पाच्या आधी येणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी बघा. पुण्याचं कृषी पणन मंडळ बाजारसमित्यांचे रोजचे भाव देतं. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१ ची, जिल्हावार माहितीपत्रकांसह मिळते. ही पत्रकं पीडीएफमध्ये आहेत, आणि पीडीएफमधून तक्ता सोडवून घेणं हेच एक कौशल्य आहे, जे पोर्टफोलिओत दाखवण्यासारखं आहे.

तीनपैकी एक काम जिवंत माणसासाठी करा. गावची दूध संस्था, पतपेढी, शाळा, दवाखाना, कुणीही. एका साखर कारखान्यासाठी मी चौदा आलेखांचा डॅशबोर्ड केला होता. शेती अधिकाऱ्यांनी तो शांतपणे बघितला आणि म्हणाले, “ताई, मला सकाळी सातला एवढंच पाहिजे, काट्यावर गाड्या किती उभ्यात आणि सगळ्यात जुनी कधीपासून.” तोडलेला ऊस उभ्या गाडीत वाळतो, त्यातली साखर घटते. दोन आकडे मोठ्या अक्षरांत टाकले आणि बाकीचं दुसऱ्या पानावर गेलं. वापरणाऱ्याला आधी विचारा, मग आलेख काढा. आणि असं काम सरावासाठी करत असलात तरी आधी ठरवून घ्या: किती दिवस, किती बदल, आणि ते पोर्टफोलिओत दाखवायची लेखी परवानगी.

शिक्षण

पदवी कोणतीही चालते. डिझाइनची बाजू खोलात शिकायची असेल तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर केंद्रात माहिती-रचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात पदव्युत्तर शिक्षणाला सीड या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. घरबसल्या डेटा सायन्सची पूर्ण पदवी हवी असेल तर आयआयटी मद्रासचा २०२१ मध्ये सुरू झालेला ऑनलाइन अभ्यासक्रम बघा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांच्या संकेतस्थळावरचे संख्याशास्त्राचे वर्ग फुकट आहेत. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्या क्लासला लाखभर रुपये देण्याआधी त्यांच्या तीन माजी विद्यार्थ्यांशी स्वतः शोधून बोला, क्लासने दिलेल्या नंबरांवर नाही.

अर्ज आणि मुलाखत

बायोडेटात ‘पॉवर बीआयचे ज्ञान’ या ओळीऐवजी पोर्टफोलिओची लिंक आणि प्रत्येक कामाबद्दल एक वाक्य द्या. लिंक मोबाइलवर उघडून बघा, समोरचा बहुधा मोबाइलवरच बघणार आहे.

मुलाखतीत अनेकदा एक तक्ता देतात आणि तास-दोन तासांत आलेख करायला सांगतात. पहिली पंधरा मिनिटं काहीच काढू नका. रिकामे रकाने, दुबार ओळी, उणे आकडे, पुढच्या वर्षाच्या तारखा शोधा. बऱ्याचदा त्या मुद्दाम पेरलेल्या असतात. मग एकच प्रश्न निवडा आणि त्याचं उत्तर देणारे दोन आलेख करा. ‘हाच प्रकार का?’ असं विचारलं की ‘छान दिसतो म्हणून’ याऐवजी वाचणाऱ्याला कोणती तुलना करायची आहे ते सांगा. एखाद्या रकान्याचा अर्थ कळला नसेल तर तिथेच विचारा. विचारणारा उमेदवार मला कधी कमी वाटला नाही.

नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात एक वही करा, व्याख्यांची. ‘चालू ग्राहक’ म्हणजे विक्री विभागाच्या लेखी गेल्या वर्षभरात एकदा तरी खरेदी केलेला, तर अकाउंट्सच्या लेखी ज्याचं खातं बंद नाही तो. एकाच मीटिंगमध्ये दोन वेगळे आकडे समोर आले की दोष तुमच्या आलेखावर येतो. प्रत्येक आकड्यापुढे व्याख्या, कुणी सांगितली, कोणत्या तारखेला, एवढं लिहून ठेवा.

आत्ता सुरुवात करायला एक चांगलं निमित्तही आहे. जाहीर झाल्याप्रमाणे पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे जिल्हावार आकडे येतील तेव्हा २०११ नंतरची पहिली तुलना करता येईल, आणि ती नीट करणारी माणसं वृत्तपत्रांना, संस्थांना, सरकारी कार्यालयांना, सगळ्यांनाच लागतील. माझ्या फाईलमध्ये तिसरा रकाना आत्ताच करून ठेवला आहे. ठाण्याची आणि पालघरची तालुकावार बेरीज झाली आहे, नावांशेजारी कोड लावले आहेत, आणि बीडच्या ओळीत ८९४, ८०७ आणि पुढे एक रिकामं घर आहे.